हजेरी आणि जामीन

(आंबेगाव तालुक्यात घोडेगाव येथे एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपले आयुष्य डोंगरवाड्यांतील मुलांना शाळेत आणण्यात आणि शाळेत टिकविण्यात वेचले. अशा गृहस्थाच्या नावे भरलेल्या सभेत तुरुंग हा विषय घ्यावा, हे कित्येकांना औचित्याला सोडून वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या समाजातील मुलांसाठी शाळेचा दरवाजा उशिरा उघडतो, त्याच समाजातील मुलांसाठी कोठडीचा दरवाजा लवकर उघडतो, हा आपल्या तालुक्यांचाच नव्हे तर अनेक देशांचा अनुभव असल्यामुळे, चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली तेव्हा हाच विषय मला या व्यासपीठाला सर्वांत अनुरूप वाटला.

माझे प्रतिपाद्य आरंभीच सांगून टाकतो. गरीब आणि हिणविलेल्या समाजातील तरुण तुरुंगात जातो त्याच्या पुष्कळ आधी त्याच्या जमातीचे नाव कुठल्या तरी यादीत चढलेले असते. आणि एकदा आत गेल्यावर तो बाहेर येत नाही, याचे कारण बहुधा त्याच्या गुन्ह्याचे गांभीर्य हे नसून त्याच्या बाजूने उभा राहणारा कोणी नाही हे असते. पहिल्या गोष्टीला मी 'हजेरी' म्हणतो आणि दुसरीवर उपाय म्हणून 'जामीन' सुचवितो. पैकी हजेरी सरकारने लादली होती, पण जामीन मात्र समाजाने राहावयाचा असतो.

जगात या प्रश्नाची सर्वाधिक चर्चा अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुणांच्या संदर्भात झाली आहे, आणि ती उगाच झालेली नाही. १९७२ साली त्या देशाच्या संघराज्यीय व राज्यांच्या तुरुंगांत मिळून सुमारे दोन लाख कैदी होते. २००९ पर्यंत तो आकडा सोळा लाखांच्या घरात गेला. लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे तेरा टक्के, पण या तुरुंगांतील जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांचा. १९८६ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गरीब काळ्या वस्त्यांत विकल्या जाणाऱ्या कोकेनच्या खड्यांना आणि सुखवस्तू गोऱ्यांत चालणाऱ्या त्याच कोकेनच्या भुकटीला अशा वेगवेगळ्या मापांनी मोजले की, एकाच किमान शिक्षेसाठी भुकटी शंभरपट लागावी. २०१० साली हे प्रमाण अठरापटीवर आले, पण दरम्यान एक पिढी गजांआड गेली होती. हे सारे ऐकून आपण हळहळतो आणि ते अमेरिकेचे दुखणे म्हणून सोडून देतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी असलेली कल्पना, म्हणजे कृत्याआधी जन्म पाहून गुन्हेगार ठरविण्याची कल्पना, आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याशीही पूर्ण अंमलात येऊन गेलेली आहे.

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी हे इतिहासात प्रथम चोर म्हणून नव्हे, तर राखणदार म्हणून येतात. मोगल अंमलात त्यांनी केलेल्या उठावाची आणि त्यात पाडल्या गेलेल्या शिरांची आठवण शिवनेरीवरील कोळी चौथऱ्याशी आजही जोडली जाते. पुढे मराठेशाहीत जीवधन, चावंड, हडसर यांसारख्या किल्ल्यांवर आणि घाटमाथ्यावरील चौक्यांवर याच लोकांची शिबंदी असे. सपाटीवर रामोशी, जागल्ये यांची तीच कामगिरी होती. गावात चोरी झाली की जागल्याने पावलांचा माग काढावा, माग ज्या गावाच्या शिवेत शिरेल तेथील राखणदाराच्या हवाली तो करावा आणि ज्याच्या हद्दीत तो संपेल त्याने चोरीची भरपाई करावी, असा शिरस्ता होता. पेशवाईच्या अस्तानंतर एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यातही गावराखणीच्या या व्यवस्थेचे वर्णन आहे. ही व्यवस्था रामराज्य होती असे मी म्हणत नाही. तिच्यात उच्चनीचता होती, जुलूम होता. तथापि तिच्यात एक समतोल होता: ज्याच्या माथी जबाबदारी त्याच्या पदरी हक्क. राखणदाराला बलुते होते, इनाम होते, आणि गावाच्या दप्तरात त्याची नोंद संशयित म्हणून नसून वतनदार म्हणून होती.

१८१८ च्या उन्हाळ्यात इंग्रजी फौजांनी चावंड, जीवधन आदी किल्ले घेतले आणि पुढे शिबंदी मोडीत निघाली. राखणदाराचा मुशाहिरा घटला, काहींचा बुडाला. मान गेला, आणि दुसरी उपजीविका मात्र कोणी दाखविली नाही. यातून १८२८ नंतर रामजी भांगरे यांच्यासारखे नाईक उठले. सपाटीवर उमाजी नाईकांचे बंड झाले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. रामजींचे पुत्र राघोजी भांगरे यांनी अकोल्यापासून जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांपर्यंत सावकारांना आणि सरकारला सळो की पळो केले. पंढरपुरात ते पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर चढले. या पहिल्या टप्प्यात सरकारला माणसांची नावे ठाऊक होती: बंड उमाजीचे, बंड राघोजीचे. पुढील टप्प्यात हे नावही नाहीसे झाले.

त्याआधी आपल्याच आंबेगाव तालुक्यातील जांभोरीच्या होनाजी भागोजी केंगले यांचा उल्लेख केला पाहिजे. १८७३ साली त्यांनी सावकारांविरुद्ध टोळी उभारली. सावकारांची नाके कापली गेली, कर्जखते जाळली गेली. सरकारने होनाजींच्या डोक्यावर हजार रुपयांचे आणि साथीदारांवर दोनशेपासून सहाशे रुपयांपर्यंत इनाम लावले, तरी १८७६ पर्यंत ते पोलीस अधिकारी मेजर डॅनियलच्या हाती लागले नाहीत. नाके कापण्याचे मंडन मी करणार नाही. ज्याचे नाक कापले गेले तोही कुणाचा बाप होता. परंतु ज्या सरकारी गॅझेटियरने ही हकीकत नोंदविली आहे, त्यानेच हेही नमूद केले आहे की, हे सावकार डोंगरी लोकांना नेहमी फसवीत, गांजीत आणि अधूनमधून गुन्ह्यास प्रवृत्त करीत. म्हणजे कारण सरकारला ठाऊक होते. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला दंगा झाला, दख्खनमध्ये त्याचे लोण पसरले, चौकशी आयोग बसला आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांत पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकण्याची पद्धत बंद केली. कर्ज फेडता आले नाही म्हणून माणूस तुरुंगात जातो, ही गोष्ट लोकांनी आणि आयोगाने पुढे आणली तेव्हा कायदा बदलला. हा धडा पुढे उपयोगी पडणारा आहे म्हणून लक्षात ठेवावा.

त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना ते त्यांनी अर्पण केले होते, हे सर्वश्रुत आहे. पण ज्या वेळी जोतीरावांनी ही अर्पणपत्रिका लिहिली, त्याच वेळी त्या देशाच्या दक्षिणेत मुक्त झालेल्या गुलामांना नव्या वाटेने बंदिस्त करण्याचा उद्योग चालू होता. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द केली, परंतु गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरीला मुभा ठेवली. लगेच भटकेपणा, बेकारी, मालकाचा करार मोडणे असले 'गुन्हे' काढून काळ्या माणसांना धरण्यात येऊ लागले आणि त्या कैद्यांना मळे, खाणी आणि लोहमार्गांच्या ठेकेदारांकडे भाड्याने देण्यात येऊ लागले. जोतीरावांना अमेरिकेचा उदारपणा दिसला तो खराच होता. त्या उदारपणाला फुटलेली ही फट मात्र एवढ्या दुरून दिसणे शक्य नव्हते.

आपल्याकडे त्याच सुमारास, १२ ऑक्टोबर १८७१ रोजी, 'गुन्हेगार जमातींचा कायदा' मंजूर झाला. ज्या येरवडा कारागृहाची सावली आजही आपल्या दोन्ही तालुक्यांच्या फौजदारी खटल्यांवर पडते, ते कारागृहही १८७१ चेच. हा कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई व मद्रास इलाख्यांसह सर्वत्र लागू करण्याची सोय झाली आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. जमातच गुन्हेगार म्हणून जाहीर करावयाची. मग तिच्यातील माणसांची नोंदवही करावयाची, बोटांचे ठसे घ्यावयाचे, ठरल्या वेळी पाटलाकडे किंवा पोलिसाकडे हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून मुक्काम हलवावयाचा नाही, आणि अशी जाहीर केलेली जमात खरोखर गुन्हेगार आहे की नाही हा प्रश्न न्यायालयात विचारावयाचा नाही. सर्वांत दारुण तरतूद मुलांविषयीची होती: सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारने घेतला. ज्याने अजून काहीच केलेले नाही अशा सात वर्षांच्या पोराला केवळ त्याच्या कुळावरून 'सुधारणेस' पात्र ठरविणारा हा कायदा, गुन्ह्याची शिक्षा देणारा कायदा म्हणता येणार नाही. तो जन्माची शिक्षा देणारा होता.

मुंबई इलाख्यात या जमातींच्या वसाहती झाल्या. त्यांपैकी सोलापूरची मोठी. कैकाडी, टकारी, भामटा, पारधी, मांग गारुडी अशा जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणाआड ठेवून त्यांना गिरण्यांत कामाला धाडण्यात येई. या वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडेही होता. दिवसा गिरणीत, रात्री हजेरीत, असा क्रम. मिशनच्या माणसांनी शाळा चालविल्या, दवाखाने चालविले, आणि त्यांच्यातील कित्येकांची कळकळ निर्विवाद होती; परंतु कुंपण कायम ठेवून केलेली दया कुंपणाला बळकटीच आणते, हे तेव्हा फार थोड्यांच्या ध्यानात आले. अमेरिकेच्या दक्षिणेतील मळे आणि सोलापूरच्या गिरण्या यांत हजारो मैलांचे अंतर होते. तरी स्वस्त आणि पळून न जाणारा मजूर मिळविण्यासाठी कायद्याने आधी गुन्हेगार तयार करावा, ही युक्ती दोन्हीकडे सारखीच होती.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने १९४९ मध्ये आणि केंद्राने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला. म्हणूनच ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. रामोशी, कैकाडी, वडार, बेरड, भामटा, कंजारभाट, राजपारधी अशा चौदा जमाती महाराष्ट्राच्या यादीत 'विमुक्त' म्हणून आल्या. परंतु यादी बदलली तरी सवय बदलली नाही. १९५९ चा मुंबईचा सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला. त्यात जमातीचे नाव नव्हते, व्यक्तीच्या शिक्षांचा हिशेब होता, पण ज्यांच्या बापजाद्यांची नावे आधीच दप्तरात होती त्यांच्याच पाठीमागे पोलिसांचे डोळे लागले यात नवल नाही. १९९८ साली बारामतीत एका पारधी माणसाचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला आणि त्याच वर्षी बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर या शबर तरुणाचाही तसाच अंत झाला. तेव्हा महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि 'उचल्या'चे लेखक लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी मंच उभारला. कायदा रद्द होऊन तेव्हा शेहेचाळीस वर्षे लोटली होती.

येथे एक रास्त आक्षेप ऐकला पाहिजे. कुकडी आणि घोड नदीच्या काठी शेतकऱ्यांच्या विद्युतपंपांच्या केबली आणि मोटारी चोरीला जातात, ऐन पाण्याच्या पाळीत पीक होरपळते, आणि मग वैतागलेला शेतकरी विचारतो: 'चोरांची कड घेता, आमची कोण घेणार?' हा प्रश्न खोटा नाही. परंतु या शेतकऱ्याने स्वतःशी एकच गोष्ट तपासून पाहावी: जवळच्या पालावरच्या चार पोरांना उचलून आणल्याने त्याची केबल परत मिळाली काय? चोरीची तार कोण वितळवितो, तांबे कोण विकत घेतो, ते कुठल्या बाजारात जाते, हा तपास कष्टाचा आहे. यादीतील नावे धरून आणणे सोपे आहे. जमातीवर ठेवलेला संशय शेतकऱ्याला संरक्षण देत नाही, तो तपास करणाराला तपासातून सुटका देतो. म्हणून ज्याची चोरी झाली त्याचे आणि ज्याच्यावर आळ आला त्याचे हित या बाबतीत एकच आहे.

आपल्या पश्चिम पट्ट्यात गुन्ह्याची दुसरी एक जातही आहे, ती म्हणजे जंगलाचा गुन्हा. १८७८ च्या वन कायद्याने रानाला मालक मिळाला आणि राब जाळणे, लाकूड तोडणे, गुरे चारणे ही पिढीजात कामे एका रात्रीत दंडनीय झाली. १९२७ च्या कायद्याने तीच व्यवस्था पुढे चालविली. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झाल्यावर आंबेगाव-खेडच्या कित्येक गावांत हिरडा गोळा करणाराही आपण कायद्याच्या अलीकडे आहोत की पलीकडे, या धास्तीत वावरू लागला. संसदेने २००६ मध्ये वनहक्क कायदा करताना हा ऐतिहासिक अन्याय असल्याचे त्याच्या उद्देशिकेतच मान्य केले. ज्याला काल वनगुन्हेगार म्हटले त्याला आज हक्कदार म्हणावयाचे, एवढा पालट कायद्याने होऊ शकतो. मात्र त्यासाठी ग्रामसभेने दावा लिहावा लागतो, आणि दावा लिहिण्यासाठी कोणी तरी तिच्याशेजारी बसावे लागते.

आता जामिनाकडे वळतो. २०२२ अखेर भारताच्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांतील ४,३४,३०२, म्हणजे शंभरातील सुमारे शहात्तर, कच्चे कैदी होते. ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही असे. कायद्याच्या लेखी ते निर्दोष, तुरुंगाच्या लेखी कैदी. यांतील पुष्कळांना न्यायालयाने जामीन मंजूरही केलेला असतो. परंतु मंजूर झालेला जामीन आणि मिळालेला जामीन यांच्यामध्ये सातबाराचा उतारा, ऐपतीचा दाखला, शिधापत्रिका आणि स्थानिक जामीनदार उभे असतात. पालावर राहणाऱ्याच्या नावे सातबारा कुठून असणार? मजुरीसाठी नारायणगावच्या अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या ठाकर तरुणाला ऐपतीचा दाखला कोण देणार? त्याचे घरचे जुन्नरहून येरवड्याला मुलाखतीस जावयाचे तर नव्वदएक किलोमीटरचा प्रवास आणि दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे भेटीही विरळ होतात, वकिलाचा निरोपही पोचत नाही, आणि तारखांवर तारखा पडत राहतात. शेवटी कित्येक जण गुन्हा कबूल करून भोगलेल्या दिवसांवर सुटका पत्करतात. आणि सुटताना आपल्या नावावर आयुष्यभराची नोंद घेऊन येतात, जी पुढे पोलीस भरतीच्या किंवा कुठल्याही नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत वाट अडवून उभी राहते.

या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने शब्दांची कमतरता ठेवलेली नाही. १९७८ साली मोतीराम या गरीब गवंड्याच्या प्रकरणात दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाला जामीनदार नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही रक्कम हजार रुपयांवर आणली आणि गरिबाला परका ठरविणाऱ्या या रीतीची कठोर निर्भर्त्सना केली. पुढल्या वर्षी हुसैनारा खातूनच्या प्रकरणात बिहारमधील कच्च्या कैद्यांची दैना देशापुढे आली. जानेवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने आदेश दिले की, जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणास कळवावे, महिन्याभरात जामीन भरता आला नाही तर न्यायालयाने अटी शिथिल करण्याचा विचार करावा, आणि स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नये. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आली. तीत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आरंभी चाळीस हजारांपर्यंत साहाय्याची तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याला, काही अपवाद वगळता, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सुटकेचा हक्क दिला. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सुकन्या शांता या पत्रकार महिलेने केलेल्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगनियमांतील जातीवर आधारलेली कामाची वाटणी आणि विमुक्त जमातींविषयीचे कलंकित उल्लेख घटनाबाह्य ठरविले. तो निकाल देणाऱ्या तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांचे मूळ गाव आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातील कनेरसर. आणि अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरचे नामदेव ढसाळ हेही त्याच पूर-कनेरसरचे. एका गावाच्या दोन टोकांकडून, एकाने न्यायासनावरून आणि एकाने रस्त्यावरून, एकच प्रश्न विचारला गेला.

कायदा एवढा पुढे आला असताना तुरुंग भरलेलेच का, याचे उत्तर मला अमेरिकेतील काळ्या समाजाने केलेल्या प्रतिकारात सापडते. २०१० साली सोळा वर्षांच्या कॅलिफ ब्राउडर या न्यू यॉर्कच्या मुलावर एक पाठपिशवी चोरल्याचा आरोप आला. घरच्यांना तीन हजार डॉलरचा जामीन भरता आला नाही, आणि खटला न चालता तो सुमारे तीन वर्षे रायकर्स बेटावरील तुरुंगात, त्यातील बराच काळ एकांतकोठडीत, राहिला. पुढे आरोप मागे घेण्यात आले. पण २०१५ मध्ये त्या तरुणाने स्वतःचे जीवन संपविले. अशा घटनांनंतर तेथील वस्त्यांनी केवळ शोकसभा घेतल्या नाहीत. लोकांनी वर्गणी काढून जामीननिधी उभारले. २०१७ च्या मातृदिनी काळ्या मातांना जामिनावर सोडवून घरी आणण्याची मोहीम देशातील अनेक शहरांत झाली. स्वतः तुरुंग भोगलेल्या माणसांनी कॅलिफोर्नियात २००४ पासून संघटना बांधून नोकरीच्या अर्जावरील शिक्षेच्या नोंदीचा रकाना काढून टाकण्याची चळवळ केली, आणि अनेक राज्यांनी व नगरांनी तो काढलाही. ज्यांच्यासाठी कोणी जामीनदार नव्हता त्यांना शेजाऱ्यांनी जामीनदार दिले, हे त्या चळवळीचे मर्म होय.

आपल्याकडेही या दिशेने काम झालेले आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा उपक्रम १९९० पासून महाराष्ट्रातील तुरुंगांत कच्च्या कैद्यांशी बोलतो, घरच्यांचा शोध घेतो, वकिलाशी जोडून देतो. गिरीश प्रभुणे यांनी पारध्यांच्या मुलांसाठी यमगरवाडीस आणि पुढे चिंचवडच्या गुरुकुलात शिक्षणाची वाट केली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लक्ष्मण माने यांनी 'उपरा' लिहून कैकाडी जीवन मराठी वाचकासमोर ठेवले आणि नंतर भटक्यांच्या मुलांसाठी आश्रमशाळा काढल्या. आणि आपल्याच डिंभे धरणाच्या काठी, जेथे जलाशयाने आंबेगाव हे तालुक्याला नाव देणारे गावच पोटात घेतले, तेथे कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने विस्थापित आदिवासींची मच्छीमार सहकारी संस्था उभी करण्यास साहाय्य केले. २०१२ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या कामास मिळाला. जो जलाशय आपल्याच शेतांवर पसरला त्यातील मासा धरणे ठेकेदाराच्या लेखी चोरी ठरली असती. संस्थेच्या नावे हक्क आल्यावर तेच मासे धरणे हा धंदा झाला. गुन्हा कमी करण्याचा याहून स्वस्त आणि खात्रीचा मार्ग मला तरी ठाऊक नाही.

म्हणून या दोन तालुक्यांपुरत्या काही ठोस सूचना मी आपल्यापुढे मांडतो. प्रत्येक मोठ्या गावाने आपल्या पंचक्रोशीतील अशा पाच-दहा प्रतिष्ठित माणसांची यादी करावी, जी किरकोळ गुन्ह्यात अडकलेल्या गरीब तरुणासाठी जामीनदार म्हणून न्यायालयात उभी राहतील. इतकी वर्षे आपण गुन्हेगारांच्या याद्या केल्या. आता एक यादी जामीनदारांची होऊ द्या. तालुका विधी सेवा समितीचा पत्ता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा, आणि सात दिवसांत सुटका न झालेल्या आपल्या गावच्या माणसाची माहिती समितीकडे पोचविण्याचे काम एखाद्या निवृत्त शिक्षकाने अंगावर घ्यावे. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी पालावरच्या कुटुंबांना जातीचा दाखला, शिधापत्रिका, आधार यांसारखे कागद मिळवून देण्याचा उपक्रम चालवावा. हे कागद नसणे हेच त्यांच्या तुरुंगाचे पहिले दार आहे. पोलीस पाटलांनी आणि अंमलदारांनी चौकशीस बोलावताना कृत्य विचारावे, कूळ विचारू नये. वार्ताहर बंधूंनी आरोपीच्या नावापुढे जमात लिहिण्याची आणि पहिल्या अटकेतच 'सराईत' ही पदवी बहाल करण्याची रीत सोडावी. आणि वसतिगृहे चालविणाऱ्यांनी एकदा अटक झालेल्या मुलाला दार लावू नये. कारण त्याला परत घेण्याची खरी वेळ तीच असते.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी नव्या कायद्याची गरज नाही, आणि पैशाचीही फारशी नाही. लागेल ती एका सहीची तयारी: जामीनपत्रावर आपले नाव लिहिण्याची. ज्या डोंगरी लोकांच्या पूर्वजांनी आपल्या गावांची राखण जामीन राहून केली, त्यांच्या मुलांसाठी आज आपण जामीन राहिलो, तर ते उपकार होणार नाहीत. जुने देणे फिटेल. येत्या आठवड्यात आपल्यापैकी ज्यांच्या नावे सातबारा आहे त्यांनी घोडेगाव किंवा जुन्नरच्या न्यायालयात जाऊन विधी सेवा समितीकडे जामीनदार म्हणून आपली नावे द्यावीत, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.